मंगळवारची मोडणी

नाट्यगृहात कपातीची यादी लागली आणि दोन दिवसांत मला सहा फोन आले. पाच जणांनी स्वतः केले. सहावा अल्विक लिबर्डच्या बायकोने केला, कारण अल्विक स्वतःसाठी कधी कुणाला फोन करत नाही. सगळ्यांचं विचारणं एकच होतं, गुरुवारी जागा आहे का.

गुरुवारी मी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसते. नाटक, नाच, संगीत, संग्रहालयं अशा ठिकाणी राबणाऱ्या आणि नोकरी जायच्या बेतात आलेल्या आमच्या लोकांना नवं काम मिळवून द्यायला मदत करायची अशी एक योजना आहे, ती चालवणं हे माझं काम. आमचे लोक म्हणजे काळे, आशियाई, आणि लिड्समध्ये ज्यांना आडनाव दोनदा सांगावं लागतं असे सगळेच. आमच्यासाठी योजनेच्या कागदावर एक लांबलचक शब्द छापलाय. मी तो उच्चारत नाही, उच्चारून होईपर्यंत चहा गार होतो. माणशी सहा भेटी मिळतात, आणि तेवढ्यात खचलेला माणूस उभा करायचा असतो.

मी आयांथी क्लॅक्स्टन. एकोणतीस वर्षं त्याच नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळला. सहा वर्षांपूर्वी मलाही कमी केलं, तेव्हा एक कुंडी आणि सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड मिळालं होतं. कुंडीतलं झाड महिन्याभरात वाळलं. राग मात्र अजून टवटवीत आहे, आणि ही भेटीगाठींची योजना मी त्याच रागावर चालवते असं माझी बहीण म्हणते. म्हणू दे.

या वेळी नाट्यगृहाने प्रॉपर्टी विभागच बंद करायचं ठरवलं होतं. तलवारी, मुकुट, खोटी फळं, राजाचं तुटकं मुंडकं, सगळं म्हणे आता बाहेरून भाड्याने आणणार. अल्विक त्या विभागात चोवीस वर्षं होता. सप्टेंबरअखेर त्याची नोकरी संपणार होती.

पहिल्या गुरुवारी तो आला, टोपी मांडीवर ठेवून बसला आणि टेबलाशी बोलायला लागला. तो माणसांशी बोलत नाही, समोर जे असेल त्याच्याशी बोलतो. बुटका, बावन्न वर्षांचा, बोटांवर तारेचे जुने ओरखडे. त्याने एक कागद पुढे सरकवला. त्यावर नाव, पत्ता, आणि खाली एकच ओळ होती, प्रॉपर्टी विभाग, चोवीस वर्षं. सगळ्यात शेवटी आवड म्हणून डॉमिनो लिहिलं होतं.

मी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

“आणि कार्निव्हल?” मी विचारलं.

‘मी रोज आंघोळ करतो’ असंही अर्जात लिहायला मी सांगतेय, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं.

“ते काम थोडंच आहे, मिस आयांथी? ते आपलं आहे.”

आता या माणसाचं कार्निव्हल म्हणजे काय, ते सांगते. दर ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी लिड्समधली आमची वस्ती, चॅपलटाउन, सोंगं घेऊन रस्त्यावर येते. त्यात आमच्या कॅम्पचं, म्हणजे एकत्र बसून सोंगं बांधणाऱ्या आमच्या मंडळाचं, सगळ्यात मोठं सोंग, राजाचं सोंग, गेली बावीस वर्षं अल्विक बांधतो. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं उंच, तारेचं आणि काठ्यांचं, आणि ते एका माणसाच्या पाठीवर नाचतं. ड्रॅगन झाले, उडते मासे झाले, एका वर्षी आख्खा ज्वालामुखी झाला. आणि हा गडी आवड म्हणून डॉमिनो लिहितो.

मी त्याला चांगलं झापणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात मला माझाच सहा वर्षांपूर्वीचा अर्ज आठवला. एकतीस वर्षं मी तो कॅम्प चालवते, साठ-सत्तर माणसांचे कपडे एका उन्हाळ्यात उभे करते, आणि त्यातलं अक्षरही मी माझ्या अर्जात लिहिलं नव्हतं. ही चूक आमच्याखेरीज कुणी करायचं नाही. घरातलं ते घरातलं, ते साहेबाला कशाला दाखवायचं, असं आमच्या आयांनी कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटाहून येताना बोटीतच ठरवलं असावं. मी तोंड मिटलं.

“अल्विक,” मी म्हणाले, “इथून पुढे कार्निव्हल वगळायचा नाही. कुठेच नाही. ही या खोलीतली पहिली शिस्त.”

त्याने टेबलाला मान डोलावून दाखवली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीत आम्ही कागद नव्याने लिहिला. तो तीन पानी झाला. आणि त्याच आठवड्यात मला ती जाहिरात दिसली. हडर्सफील्डला एका जुन्या गिरणीत एक मंडळी आहे, ती रस्त्यावर चालणाऱ्या घराएवढ्या बाहुल्या करते आणि देशोदेशींच्या चौकांत नाचवते. त्यांना बांधणारा मुख्य कारागीर हवा होता. मी ती दोनदा वाचली. जाहिरातीत फक्त अल्विकचं नाव लिहायचं राहिलं होतं.

अर्ज गेला. नऊ दिवसांनी उत्तर आलं की शेवटच्या तिघांत निवड झाली आहे. मी वाचनालयात, तेही खाली जिथे बोलायची बंदी आहे तिथे, टाळ्या पिटल्या. अल्विकने चष्मा पुसून ते पत्र पुन्हा वाचलं. पत्रात पुढे लिहिलं होतं की कार्निव्हलनंतरच्या बुधवारी यावं, स्वतः बांधलेली एक वस्तू आणावी, आणि तिच्याबद्दल अर्धा तास बोलावं.

इथे आमचं घोडं अडलं. वस्तू आणायची कुठून? नाट्यगृहातलं सगळं नाट्यगृहाचं, आणि विभाग बंद होणार म्हणून त्यातलं अर्धं आधीच कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं. कार्निव्हलचं म्हणाल तर आमच्याकडे काहीच उरत नाही. सोमवारी सोंग नाचलं की मंगळवारी ते मोडायचं. पिसं धुवायची, कापड घडी करायचं, तारा सरळ करून पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या. बावीस वर्षांतलं एकही सोंग शिल्लक नव्हतं. फोटो काढावेत तर कॅम्पात फोनला बंदी. दारातच बिस्किटाचा डबा आहे, त्यात फोन टाकायचा आणि मग आत यायचं, कारण पलीकडच्या गल्लीतल्या कॅम्पला आमच्या सोंगाचा सुगावा लागता कामा नये. त्यांना स्वतःचं काही सुचत नाही, हे मी त्यांच्या तोंडावरही सांगितलंय. रस्त्यावर लोक फोटो काढतात ते पिसांचे आणि पोरींचे. तारेचा सांधा कसा बांधलाय याचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही.

राहता राहिलं या वर्षीचं सोंग. ते होतं पेलिकन, आमच्या बेटाचा पक्षी. उंची साडेचार मीटर, आणि घालणाऱ्याने टाच उचलली की चोच उघडायची. सोमवारी नाचणार होतं आणि बुधवारी मुलाखत होती.

“या वर्षी पेलिकन मंगळवारी मोडायचा नाही,” मी चौथ्या भेटीत जाहीर केलं. “तू मंगळवारी सकाळी भाड्याची व्हॅन घेऊन ये. तो आडवा घालून आख्खाच्या आख्खा हडर्सफील्डला जाईल. मोडामोडी गुरुवारी करू.”

हे मी बोलले. माझ्या या तोंडाने बोलले. हे लक्षात ठेवा.

सोमवार काय वर्णावा. कथबर्ट नावाचा आमचा आडदांड पोस्टमन पेलिकनमध्ये शिरला आणि उद्यानाच्या फाटकातून बाहेर पडला तेव्हा वाऱ्याने त्याचे पंख भरले. ढोल लागले, कथबर्टने टाच उचलली, चोच उघडली आणि सगळा रस्ता ओरडला. म्हाताऱ्या बायका खुर्च्यांवरून उठल्या. माझ्या शेजारी एक अनोळखी बाई, गोरी, पावसाळी कोट घातलेली, रडत होती आणि का रडतेय ते तिलाही कळत नव्हतं. अल्विक मात्र सोंगाच्या मागे, खिशात पक्कड घेऊन, मान वाकडी करून फक्त सांधे बघत चालला होता. मी त्याच्या कानात ओरडले की बुधवारी बघशील तू. तो हसला. अल्विक हसला म्हणजे काय ते त्याच्या बायकोला विचारा.

आता मंगळवार.

आमचा कॅम्प चर्चच्या मागच्या सभागृहात असतो आणि मंगळवारी एक वाजता तिथे बॅडमिंटनवाले येतात. ते मिनिटभर थांबत नाहीत. म्हणून सकाळी सातला किटली चढते, खारा मासा आणि जॉनी केक, म्हणजे आमच्या जाड तळलेल्या पुऱ्या, येतात, पंधरा-वीस माणसं पक्कड घेऊन जमिनीवर बसतात. आणि मोडणीची सुरुवात सगळ्यात मोठ्या सोंगापासून होते. पहिली तार कॅम्पच्या मोठ्या बाईने सोडायची. एकतीस वर्षं ती मी सोडते. लोक चहाचा कप हातात धरून उभे राहतात, मी तार सोडते, सगळे हो म्हणतात आणि मग हात चालायला लागतात.

मी सातला पोचले. अंग सोमवारच्या नाचाने ठणकत होतं. कुणीतरी चहा दिला, कुणीतरी कथबर्टची नक्कल केली, आम्ही हसलो. मी पेलिकनकडे गेले, मानेखालची पहिली तार सोडली, सगळे हो म्हणाले. मग आम्ही पंख उतरवले. चोच उतरवली. कालच्या स्पर्धेच्या परीक्षकांना शिव्या घालत घालत सगळा पक्षी चार पोत्यांत भरला. पिसं टबात भिजत घातली. मला त्या तीन तासांत अल्विक आठवला नाही, हडर्सफील्ड आठवलं नाही. हाताला सवय होती आणि हात पुढे गेले. याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही.

दहाच्या सुमाराला दारात व्हॅन थांबल्याचा आवाज आला.

मी वर पाहिलं. अल्विक दारात उभा होता. हातात व्हॅनची किल्ली, बगलेत पेलिकनवर घालायला आणलेल्या चार चादरी. त्याने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग पोत्यांकडे, मग माझ्याकडे. सभागृहात कुणी पक्कडही वाजवली नाही.

“मी मोडला,” मी म्हणाले. “दुसऱ्या कुणी नाही. पहिली तार मीच सोडली.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्या माणसांशी कसं वागायचं ते कळतं. तो आला, एका पोत्याशी उकिडवा बसला, हात घालून मानेचा एक सांधा काढला आणि उजेडात धरला.

“कुठे कापलं का?”

“नाही. तू बांधलेलं कधी कापावं लागलंय?”

“मग ठीक,” तो म्हणाला, आणि तो सांधा परत पोत्यात ठेवून उठला. त्याने चादरी खुर्चीवर ठेवल्या आणि हळूच म्हणाला की तो त्या लोकांना फोन करून येत नाही असं कळवेल. दुसरं काहीतरी मिळेल. गोदामात माणसं घेतायत असं त्याने ऐकलंय.

तेव्हा माझा तोल गेला. माझीच चूक होती म्हणूनच जास्त गेला. मी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं की गोदामात खोकी उचलायला चोवीस अधिक बावीस वर्षं शिकावं लागत नाही. ही चार पोती व्हॅनमध्ये टाकायची, उद्या जायचं, आणि मीही येणार. तिथे जाऊन काय सांगू, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, जे झालं ते सांग. काल नाचला, आज पोत्यात आहे.

“पिसं नाहीत, मिस आयांथी. कापड नाही. नुसता सांगाडा आहे.”

“मग सांगाडा दाखव.”

मला काहीही सुचत नव्हतं, हे आता कबूल करते. मी फक्त आवाज मोठा ठेवला होता.

बुधवारी सकाळी व्हॅनमध्ये मी सतत बोलत होते आणि अल्विक रस्त्याशी बोलत होता, म्हणजे गप्प होता. गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर त्या मंडळीचं कामाचं दालन होतं, इतकं उंच की आतल्या बाहुल्या ताठ उभ्या होत्या. मंडळीची प्रमुख हेदर ॲक्रॉइड म्हणून एक उंच, करड्या केसांची बाई. हातावर रंगाचे डाग. मला ती पाहताक्षणी आवडली आणि म्हणूनच जास्त भीती वाटली.

आमच्या आधीच्या उमेदवाराने सिंहाचं डोकं आणलं होतं. काय डोकं होतं ते. आयाळीचा केस न् केस खरा वाटत होता. ते खोक्यातून आलं होतं आणि खोकं दारात मावेना, म्हणून दोन माणसं मागच्या दाराच्या बिजागऱ्या पुन्हा काढत होती. अल्विकने सिंहाकडे पाहिलं, मग आपल्या चार पोत्यांकडे पाहिलं. एका पोत्यावर बटाट्याचं चित्र होतं.

“जा,” मी म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. जरा जोरात बसली.

मी बाहेर बाकावर बसले. दाराला काच होती. आत हेदर आणि आणखी दोघं मांडलेल्या खुर्च्यांवर. अल्विकने चारही पोती जमिनीवर उपडी केली. काठ्या, तारा, वेटोळी, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या यांचा ढीग झाला. त्या तिघांच्या चेहऱ्यांवर काय उमटलं ते मला दिसलं आणि मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा मान उभी होती.

तो बांधत होता. आणि मला आधी खरं वाटेना, पण तो बोलतही होता. काठीशी, तारेशी, गाठीशी बोलत होता, आणि ते तिघं खुर्च्या सोडून जवळ येऊन उभे राहिले होते. दार जरासं उघडं राहिलं होतं, त्यातून त्याचा आवाज येत होता. आमच्याकडे सोंग मंगळवारी मोडतात, तो सांगत होता, म्हणून मी गोंद लावत नाही आणि वेल्डिंग करून सांधा जोडत नाही. ही पट्टी ओढली की हा खांदा सुटतो. ही वर्षानुवर्षं सांभाळलेली तार आहे, हिने ड्रॅगन पण केलाय. चोवीस वर्षं मी त्याला ओळखत होते आणि इतकी वाक्यं त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. दार पूर्ण उघडलं आणि हेदर बाहेर आली.

“तुम्ही अल्विकबरोबर आलात ना? आत येता का? हे घालायला कुणीतरी हवंय. तो म्हणतो की तो फक्त बांधतो.”

मी अडुसष्ट वर्षांची. डावा गुडघा तर माझं ऐकतच नाही. आयुष्यभर इतरांना कपडे चढवले, नट्यांच्या पाठीचे हूक लावले, सत्तर-सत्तर माणसं सजवून रस्त्यावर सोडली, आणि स्वतः कधी मोठ्या सोंगात उभी राहिले नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. अल्विकने पाठीवरचे पट्टे धरून ठेवले होते, आणि तो टेबलाकडे नाही, जमिनीकडे नाही, सरळ माझ्याकडे बघत होता.

मी शिरले. त्याने कमरेचा पट्टा आवळला, टाचेला दोरी बांधली. वजन वाटलंच नाही. सगळा भार कुठेतरी वाटून दिला होता, नितंबावर थोडा, खांद्यावर थोडा, आणि गुडघ्यावर काहीच नाही. कथबर्टला आम्ही दर वर्षी एवढं शाबास शाबास करतो ते उगीच, हे मला तिथे कळलं.

“चाला, मिस आयांथी,” अल्विक म्हणाला.

मी टाच उचलली. माझ्या डोक्यावर कुठेतरी उंच चोच उघडल्याचा खट असा आवाज झाला. तारेचे उघडे पंख हलले आणि गिरणीच्या मोठ्या खिडक्यांच्या उजेडात त्यांची सावली आख्ख्या दालनभर पसरली. पिसं नव्हती, कापड नव्हतं, म्हणून प्रत्येक सांधा दिसत होता, आणि प्रत्येक सांधा चालत होता. मी आणखी एक पाऊल टाकलं. मग मला राहवेना. ढोल नव्हता तरी मी नाचले. गुडघ्याने नंतर त्याचा सूड घेतला, पण तेव्हा मी त्या दालनाला पूर्ण फेरी मारली आणि कोपऱ्यातल्या कामगारांनी हातोड्या टाकून टाळ्या वाजवल्या.

मी सोंगातून बाहेर निघाल्यावर हेदरने विचारलं, आता मोडून दाखवाल का. अल्विकने एक पट्टी ओढली, मग दुसरी. घाई केली नाही. हेदर घड्याळाकडे बघत होती. नऊ मिनिटांत पेलिकन पुन्हा चार पोत्यांत गेला.

त्यानंतर ती बाई खाली जमिनीवर बसली, अल्विकच्या समोर. तिने सांगितलं की त्यांची मंडळी आठवड्यातून चार गावं करते, पावसात, वाऱ्यात, कुठल्याही चौकात. बाहुली उभी करायची, नाचवायची, मोडायची, गाडीत घालायची. आजवर आलेले कारागीर सुंदर बांधतात, पण मोडायला करवत लागते. मोडण्यासाठी बांधणारा माणूस तिने आज पहिल्यांदा पाहिला.

मला तिथेच उडी मारावीशी वाटली. माझ्या हातून झालेल्या चुकीने माझं असं तोंड गोड करावं, हे मला न शोभणारं होतं, पण मी ते आनंदाने करून घेतलं.

मग तिने विचारलं, पेलिकन थोडे दिवस इथे ठेवाल का. तिच्या बाकीच्या लोकांना दाखवायचा होता.

“नाही,” अल्विक म्हणाला.

“अल्विक!” मी मधेच म्हणाले.

“तार पुढच्या वर्षीची आहे,” तो म्हणाला. “ती कॅम्पात परत जायला हवी.”

हेदरने पोत्यांकडे पाहिलं. मग म्हणाली की पुढच्या ऑगस्टमध्ये तो जर त्यांच्याकडे असेल, तर तो दौऱ्यावर असेल. ऑगस्ट त्यांचा सगळ्यात धावपळीचा महिना.

मी अल्विकला डोळ्यांनी खुणावत होते. हो म्हण. नंतर बघू. आधी नोकरी हातात घे. अशा खुणा माझ्याइतक्या स्पष्ट दुसऱ्या कुणाला करता येत नाहीत. त्याने त्या सगळ्या पाहिल्या.

“ऑगस्टचा शेवटचा सोमवार माझा नाही,” तो हेदरला म्हणाला. “तो चॅपलटाउनचा आहे. आणि मंगळवारही. बाकीचे सगळे दिवस तुमचे.”

तिने ते वहीत लिहून घेतलं, हात मिळवला आणि कळवू म्हणाली. कळवू हा शब्द मी एकोणतीस वर्षं ऐकलेला आहे.

परतताना व्हॅनमध्ये मी त्याला हडर्सफील्डपासून लिड्सपर्यंत फाडून खाल्लं. कुणी विचारलं होतं तुला सोमवारचं? बायकोला काय सांगशील? एक सोमवार कथबर्टने बांधलं असतं काहीतरी, जगबुडी झाली नसती. तो गाडी चालवत होता. चॅपलटाउनच्या वळणाशी सिग्नल लाल झाला तेव्हा त्याने माझ्याकडे मान वळवली.

“तुम्हीच सांगितलं होतं ना, मिस आयांथी? कार्निव्हल वगळायचा नाही. कुठेच नाही.”

मी त्याला समोर बघ म्हटलं. सिग्नल हिरवा झाला.

गुरुवारी पाचवी भेट होती, काहीच कळलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून गोदामाचा अर्ज भरला आणि मी प्रत्येक रकान्याला शिव्या दिल्या. शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेले. सोमवारी त्याच्या बायकोचा फोन आला की पाकीट आलंय, जाड आहे, पण अल्विक ते उघडत नाही, गुरुवारी तुमच्यासमोर उघडणार म्हणतो. मी म्हणाले, गुरुवारी कसला, आत्ता ये म्हणावं त्याला. मीच गेले, चपला घालून, जॉनी केकचं पीठ हातावर तसंच.

स्वयंपाकघरात शेगडीवर बकऱ्याचा रस्सा रटरटत होता. अल्विक टेबलाशी बसला होता, पाकीट समोर, टोपी डोक्यावर. मी बसले. त्याची बायको ओट्याशी उभी राहिली. त्याने सुरीने पाकीट कापलं. सरळ रेषेत कापलं, सवयीने.

पहिलं पान वाचून त्याने ते बायकोला दिलं. तिने वाचलं आणि हातातला चमचा खाली ठेवला. नोकरी मिळाली होती. मुख्य कारागीर. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारपासून.

मी ओरडले, ते शेजारच्यांनी नंतर मला सांगितलं. त्याची बायको मला बिलगून हसत होती आणि तिचे खांदे हलत होते. अल्विक मात्र दुसरं पान वाचत होता, अटींचं. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. त्याने ती पुन्हा वाचली. कपाळाला आठ्या पडल्या.

“काय झालं?”

“मिस आयांथी, यांच्याकडून चूक झालीय बहुतेक.”

त्याने पान माझ्याकडे वळवलं. मी चष्मा आणला नव्हता, म्हणून मी ते हात लांब करून धरलं. दर वर्षी ऑगस्टचा शेवटचा आठवडा, असं लिहिलं होतं, कारागीर चॅपलटाउन इथल्या कार्निव्हल कॅम्पात असेल. हा आठवडा रजेत धरला जाणार नाही. तो काम म्हणून धरला जाईल.

मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य संपलं आणि मी, जी कुंडी घेऊन नाट्यगृहातून निघाले तेव्हाही रडले नव्हते, ती त्यांच्या टेबलाशी त्यांच्याच भांडी पुसायच्या फडक्यात तोंड लपवून रडले. माझी एकतीस वर्षंही त्या ओळीत मोजली गेल्यासारखं वाटलं मला.

अल्विक अजून त्या ओळीवर बोट ठेवून होता. फोन करून विचारू का त्यांना, असं तो म्हणत होता. छापताना काही इकडचं तिकडे झालं असेल.

मी नाक पुसलं, त्याच्या बायकोच्या ॲप्रनच्या खिशातलं पेन घेतलं आणि त्याच्या हातात दिलं.

“आधी सही कर,” मी म्हणाले, “मग बोलू.”